तेरा किलोंपैकी हवेचे किती?

पत्र

डॉक्टर, आम्ही चेंबूरला तिसऱ्या मजल्यावर राहतो. पुढच्या दोन्ही खोल्या लिंक रोडच्या बाजूला आहेत आणि शेजारी दोन इमारतींचं रिडेव्हलपमेंट चालू आहे. मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. उंची १३२ सेंटिमीटर, वजन ४१ किलो. दीड वर्षापूर्वी बाळदमा निघाला, तेव्हापासून पंप चालू आहे. खाली खेळायला गेला की धाप लागते, हवा वाईट आहे, म्हणून सासूबाईंनी त्याचं खेळणं बंद केलं. मीही विरोध केला नाही. शाळेतून आला की खिडक्या बंद आणि हातात मोबाइल. सासूबाई म्हणतात, तो पंपामुळे सुजलाय. परवा जाऊबाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी पाठवली की प्रदूषणामुळे मुलं लठ्ठ होतात, दिल्लीतली तर चाळीस टक्के झाली आहेत. ती वाचून मिस्टर म्हणाले, "बघ, दोष हवेचा आहे. आता त्याच्या ताटावरून कटकट बंद कर." हे खरं आहे का? वीस हजारांचा एअर प्युरिफायर घ्यावा का? की त्याला साताऱ्याला माझ्या आईकडे ठेवू? मला पाचवा महिना चालू आहे, त्यामुळे येणाऱ्या बाळाचीही काळजी वाटते. घरात बाकी कसला धूर नाही, सासरे गॅलरीत विडी ओढतात तेवढंच. काल मुलानं विचारलं, "आई, मी जाड का आहे?" मला उत्तर देता आलं नाही.

— एक आई, चेंबूर

उत्तर

ताई, जाऊबाईंनी पाठवलेली बातमी खोटी नाही. मिस्टरांनी तिच्यातून काढलेला अर्थ मात्र चुकीचा आहे.

आधी बातमीचं बघू. दिल्ली, कोट्टायम आणि म्हैसूर इथल्या ३,१५७ शाळकरी मुलांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिल्लीची ३९.८ टक्के मुलं जास्त वजनाची किंवा लठ्ठ निघाली, उरलेल्या दोन शहरांत हे प्रमाण १६.४ टक्के होतं. पण दिल्ली आणि कोट्टायममध्ये हवेशिवाय इतरही खूप काही वेगळं आहे. ताटातलं अन्न वेगळं, हवामान वेगळं, मुलांचं हिंडणंफिरणंही वेगळं. त्यामुळे या एका आकड्यावरून हवेला दोषी ठरवता येत नाही.

अधिक भक्कम पुरावा कॅलिफोर्नियातून येतो. तिथे १९९० च्या दशकापासून हजारो मुलांच्या वाढीची नोंद वर्षानुवर्षं ठेवली आहे. घराजवळून किती वाहनं जातात, घरात कोण सिगारेट ओढतं, मूल किती खेळतं, सगळं टिपून. २०१४ साली मायकल जेरेट आणि सहकाऱ्यांनी त्यातल्या पाच ते अकरा वर्षांच्या मुलांची माहिती तपासली. वाहनांच्या धुराचा मारा जास्त असलेल्या मुलांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, हे सांगणारा आकडा) दहाव्या वर्षापर्यंत सुमारे ०.४ ने जास्त होता. २०१८ च्या अभ्यासात, जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात रस्त्याचा धूर जास्त मिळालेली मुलं दहाव्या वर्षी साधारण एक किलोनं जड निघाली. उलट बाजूही सांगते. रोममधल्या मुलांचा असाच अभ्यास २०१८ मध्ये आला, त्यात असा काही संबंध सापडला नाही. म्हणजे शास्त्रज्ञांचं अजून पूर्ण एकमत नाही. तरी पुरावा वाढतो आहे आणि मी तो गांभीर्यानं घेते.

आता तुमच्या मुलाचा हिशेब करू. १३२ सेंटिमीटर उंचीच्या नऊ वर्षांच्या मुलाचं वजन साधारण २८ ते ३० किलो असावं. त्याचं ४१ आहे. बीएमआय निघतो साडेतेवीस, आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या वाढ-आलेखात हा आकडा लठ्ठपणाच्या रेषेच्या वर जातो. म्हणजे वाढीव वजन अकरा ते तेरा किलो. कॅलिफोर्नियाच्या अभ्यासावरून अंदाज बांधला तर हवेचा थेट वाटा त्यातला एखादा किलो. ही सरासरी आहे, तुमच्याच मुलात नेमका किती ते कोणी सांगू शकणार नाही. पण मिस्टरांना एवढं नक्की सांगा की हवेनं एक किलो दिला असेल, तर बाकीच्या दहा-बारांचा हिशेब घरातच करावा लागेल.

आणि माझ्या मते त्या दहा-बारांतले निम्मे तरी बंद खिडकीआड, मोबाइलसमोर आले आहेत. हवेच्या भीतीनं मैदान सुटलं, मैदान सुटल्यावर वजन वाढलं. हवा शरीरात शिरून जेवढं नुकसान करते, त्याहून जास्त ती मुलाला घरात कोंडून करते. मी रोज अशी मुलं तपासते. हिवाळ्यात धुरकं दिसलं की आया खिडक्या लावून घेतात, आणि मार्चमध्ये त्याच मुलाची शाळेची पँट बसेनाशी होते.

श्वासातून आत गेलेल्या धुराचा वजनाशी संबंध तरी काय, असं तुम्हाला वाटेल. अगदी बारीक कण फुप्फुसात खोल जातात आणि तिथे दाह सुरू होतो, म्हणजे आतल्या आत सूज. तिचे परिणाम रक्तावाटे सगळ्या शरीरात पोचतात आणि इन्शुलिन आपलं काम नीट करेनासं होतं. मग साखर वापरली जाण्याऐवजी चरबी म्हणून साठत जाते. डिझेल, लाकूड, तंबाखू, कचरा असं काहीही अर्धवट जळलं की पीएएच नावाची रसायनं तयार होतात. त्यातलं एक साठलेली चरबी मोकळी होऊ देत नाही, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. बीजिंगमध्ये तर उंदरांचे दोन गट करून एकाला शहराची हवा दिली आणि दुसऱ्याला तीच हवा गाळून. अन्न दोघांना सारखंच. १९ दिवसांनी न गाळलेल्या हवेतल्या गाभण माद्या जास्त जड भरल्या आणि त्यांचं कोलेस्टेरॉलही वाढलं होतं. माणूस उंदीर नाही हे मला कळतं, पण शरीरात काय घडत असावं याची दिशा त्यातून मिळते. शिवाय लहान मूल वजनाच्या मानानं आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतं.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. "घरात बाकी कसला धूर नाही, सासरे गॅलरीत विडी ओढतात तेवढंच." ताई, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही "तेवढंच" म्हणून सोडून दिलीत.

कॅलिफोर्नियाच्या त्याच मुलांवर २०१५ साली आणखी एक अभ्यास झाला. घरात कोणी तंबाखू ओढतं पण रस्त्याचा धूर कमी, अशा मुलांचा बीएमआय अठराव्या वर्षी दोन्ही धुरांपासून दूर असलेल्यांपेक्षा जेमतेम ०.८ ने जास्त होता. रस्त्याचा धूर जास्त पण घरात कोणी ओढत नाही, त्यांचाही जवळपास तेवढाच. मग दोन्ही असले तर दीड-पावणेदोन होईल, असं वाटतं ना? प्रत्यक्षात फरक २.१५ निघाला. पाच फूट सात इंचांच्या मुलात याचा अर्थ सहा किलो. दोन्ही धूर एकमेकांचं बळ वाढवतात. तुमच्या घरात दोन्ही आहेत. लिंक रोड तुमच्या हातात नाही, गॅलरी आहे. आणि गॅलरीतला धूर गॅलरीत थांबत नाही, दारातून तो घरातच येतो.

सासऱ्यांना बोलायची सोय नाही, हे मला समजतं. सुनेनं हा विषय काढला की मूळ मुद्दा बाजूला राहून मानापमान सुरू होतो. म्हणून तुम्ही काढू नका. मिस्टरांना सांगा, हवेचा दोष आहे हे त्यांना पटलंय ना, मग हवेच्या घरातल्या भागाची जबाबदारी त्यांची. त्यांनी वडिलांजवळ बसून "विडी सोडा" म्हणून भांडू नये. "नातवाला दमा आहे, घरात दुसरं नातवंड येतंय, तुम्ही खाली जाऊन ओढा आणि वर आलात की हात-तोंड धुऊन सदरा बदला," एवढंच मागावं. आजोबांनी नातवासाठी याहून कितीतरी मोठ्या गोष्टी केल्या असतील. सोडायची तयारी दाखवली तर उत्तमच, माझ्याकडे आणा, गोळ्या आणि समुपदेशन दोन्हीची सोय होते.

घरातल्या धुरात डासांची कॉइलही येते. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण बाहेर पडतात, असं एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. दमेकरी मुलाच्या खोलीत ती लावू नका, मच्छरदाणी बांधा. देवापुढे अगरबत्ती ऐवजी निरांजन पुरे. फोडणी देताना एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा. बांधकामाची धूळ घरात आली की झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

प्युरिफायरबद्दल थोडक्यात सांगते. हेपा फिल्टरचं, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचं यंत्र मुलाच्या झोपायच्या खोलीत, दार लावून रात्रभर चाललं तर कण कमी होतात हे खरं. पण गॅलरीत विडी आणि खोलीत कॉइल चालू असताना ते घेणं म्हणजे वीस हजार पाण्यात घालणं. आधी धूर थांबवा. नंतर पैसे उरले आणि इच्छा राहिली, तर घ्या.

आता पंप. सासूबाईंची ही भीती मला रोज ऐकायला मिळते. रोजच्या पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागांत, आणि ते थेट श्वासनलिकेत जातं. त्यानं मूल सुजत नाही. वजन वाढतं ते तोंडानं घ्यायची स्टेरॉइडची औषधं वारंवार द्यावी लागली तर, आणि ती वेळ येऊ नये म्हणूनच पंप असतो. २०१७ साली कॅलिफोर्नियातल्या २,१७१ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधीपासून दमा असलेल्या मुलांना पुढे लठ्ठपणा येण्याची शक्यता ५१ टक्के जास्त दिसली. त्रास उठला की लगेच आराम देणारा दुसरा पंप घेणाऱ्या मुलांत मात्र ती ४३ टक्के कमी होती. कारण साधं असावं, श्वास मोकळा असेल तर मूल धावतं. पंप घेऊनही खेळताना धाप लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी औषध तपासायचं असतं, खेळ बंद करायचा नसतो. पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घेतो का, चूळ भरतो का, खेळण्याआधी दोन फवारे घ्यायचे का, हे तुमच्या डॉक्टरांना दाखवून विचारून घ्या.

खेळायला कधी न्यायचं, तर हिवाळ्यात भल्या पहाटे नाही. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची गार हवा खालीच बसते आणि वरच्या उबदार हवेचं तिच्यावर झाकण पडतं. दिवसभराचा धूर त्याखाली कोंडून राहतो. ऊन चढलं की झाकण उघडतं आणि दुपारी खारा वारा सुटला की मुंबईची हवा हलते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत शाळेतून आल्यावर साडेचार ते सहा ही वेळ बरी. कुठे नेता हे त्याहून महत्त्वाचं. वाहनांचा धूर रस्त्यालगत दाट असतो आणि दीडशे-दोनशे मीटर आत गेलं की बराच विरळ होतो. त्यामुळे लिंक रोडच्या कडेला चालायला नेऊ नका. गल्लीतून आत, चार इमारतींच्या मागे जे मैदान असेल तिथे न्या. हवेचा निर्देशांक दाखवणाऱ्या 'समीर' अ‍ॅपवर आकडा बघायची सवय लावा. निर्देशांक दोनशेच्या वर गेला तर त्या दिवशी घरातच दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार, नाच, काहीही, पण एक तास अंग हललं पाहिजे. पावसाळ्याचे चार महिने हवा धुतलेली असते, तेव्हा रेनकोट घालून पाठवा. दुपारी खिडक्याही उघडा, दिवसभर बंद घरात हवा कोंदटते.

ताटाबद्दल मिस्टरांचं एक म्हणणं मला पटतं. कटकट बंद करा. नऊ वर्षांच्या मुलाला डाएटवर ठेवायचं नसतं आणि जेवताना वजनाचा विषय काढायचाच नसतो. चहासोबत खारी-बिस्किटं, संध्याकाळचा वडापाव, दुधातली चॉकलेटी पावडर, शाळेत चांगले मार्क मिळाले की पिझ्झा, हे सगळ्यांच्याच घरातून कमी करा, एकट्या त्याच्या ताटातून नाही. भाकरी, उसळ, आमटी, भात, ताक पोटभर खाऊ द्या, मोबाइल न बघता. आजीचा "गुटगुटीत" हा शब्द प्रेमाचा आहे हे मी जाणते. एके काळी गावोगावी गुटगुटीत बालकांच्या स्पर्धा भरायच्या, तेव्हा भीती कुपोषणाची होती. आज नातवाच्या बाबतीत ती भीती उरलेली नाही, हे आजींना जरा मायेनं सांगावं लागेल. वजन उतरवायची घाई नको. वर्षभर ते ४१ वरच राहिलं आणि उंची पाच-सहा सेंटिमीटर वाढली, तरी मी खूश होईन.

दोन गोष्टी आज रात्रीच बघा. मानेवर किंवा काखेत मखमलीसारखा काळा पट्टा आहे का? लोक तो मळ समजून घासत बसतात, पण इन्शुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. आणि तो घोरतो का, झोपेत श्वास अडकतो का? दोन्हीपैकी काहीही असलं तर आठवडाभरात डॉक्टरांकडे जा. रक्तातली साखर, चरबी, यकृत आणि रक्तदाब तपासून घ्या. कंबर मोजा, ती उंचीच्या निम्म्याहून कमी, म्हणजे त्याच्या बाबतीत ६६ सेंटिमीटरच्या आत हवी.

साताऱ्याला सुट्टीत जरूर पाठवा. कायमचं मात्र नको. घरात बाळ येणार आणि त्याच वेळी आपल्याला आजोळी ठेवलं, याचा नऊ वर्षांचं मूल काय अर्थ लावेल, याचा विचार करा.

येणाऱ्या बाळाबद्दल तुम्ही विचारलंत, याचा मला आनंद झाला, कारण तिथे आपल्याला वेळ आहे. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे ७०० गरोदर बायकांना शेवटच्या तिमाहीत दोन दिवस हवा मोजणारं यंत्र पाठपिशवीत दिलं होतं. या सगळ्या बायका स्वतः धूम्रपान न करणाऱ्या होत्या. ज्यांच्या श्वासात पीएएच सर्वांत जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये पाचव्या वर्षी लठ्ठपणाची शक्यता १.७९ पट आणि सातव्या वर्षी २.२६ पट निघाली. घाबरवायला हे सांगत नाही. पुढचे चार महिने रिक्षाऐवजी शक्य तिथे लोकल घ्या, रस्त्यावर एन-९५ मास्क लावा, रस्त्याकडची खोली सोडून मागच्या खोलीत झोपा. विडीचा विषय मिस्टरांनी आजच काढावा, बाळंतपणाची वाट बघू नये.

आणि बाळ घरी आलं की धुरी. शेगडीवर ओवा, लसूण, बाळंतशेपा टाकून बाळ-बाळंतिणीला धुरी द्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे, सासूबाई ती मायेनंच करतील. मालिश करा, गरम पाण्यानं न्हाऊ घाला, शेक हवा तर गरम पाण्याच्या पिशवीनं घ्या, डिंकाचे लाडू खा. फक्त धुरी नको. पहिल्याच वर्षीच्या धुराचा हिशेब दहाव्या वर्षी वजनकाट्यावर दिसला होता, हे मी वर लिहिलंच आहे. हे सासूबाईंना तुमच्याऐवजी मी सांगते, पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर आणा.

शेजारच्या बांधकामाचंही बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेनं नियम काढले आहेत. बांधकामाभोवती उंच पत्रे, हिरवं कापड, पाण्याचे फवारे, झाकलेले ट्रक. यातलं काही दिसत नसेल तर सोसायटीच्या लेटरहेडवर एम-पश्चिम विभागात तक्रार द्या, १९१६ वर फोन करून नोंद क्रमांक घ्या. एकट्या बाईनं भांडायचं हे काम नाही, पंधरा पालकांच्या सह्या घ्या. वॉचमन हिवाळ्यात कचऱ्याची शेकोटी करत असेल तर सोसायटीनं त्याला स्वेटर आणि ब्लँकेट घेऊन द्यावं.

राहिला मुलाचा प्रश्न. मी स्वतः कित्येक वर्षं मुलांच्या देखत वजनकाट्याकडे बोट दाखवून आयांना बोल लावले आहेत. त्या मुलांच्या खाली गेलेल्या माना मला आजही आठवतात. तुम्ही त्याला खरं सांगा, त्याला समजेल अशा शब्दांत. "तुला दमा झाला तेव्हा आम्ही घाबरलो आणि तुझं खेळणं बंद केलं. ती चूक आमची होती, तुझी नाही. खेळ थांबला म्हणून वजन वाढलं. आपल्याकडची हवाही खराब आहे, ती थोडी आपण घरात सुधारणार आहोत, आजोबासुद्धा मदत करणार आहेत. उद्या शाळेतून आलास की आपण दोघं मागच्या मैदानात जाऊ. पंप माझ्या पर्समध्ये असेल."